टाका, फीत आणि हिशेबाची वही

चातुर्मास सुरू झाला की व्यापारी घरांतील दिनक्रम थोडा बदलतो. प्रवास कमी होतात, लग्नसमारंभ थांबतात आणि सकाळचे व्याख्यान ऐकून परतल्यानंतर दुपारचे दोन तास घरातील स्त्रियांच्या वाट्याला मोकळे येतात. याच दिवसांत अनेक घरांत कपाटाच्या तळाशी ठेवलेली एक पिशवी बाहेर निघते. तिच्यात अर्धवट भरलेला रुमाल असतो, गुंतलेल्या दोऱ्यांच्या लड्या असतात, एखादी गंजलेली सुई असते आणि कधीतरी हौसेने आणलेली रंगीत फितींची रिळे असतात. पिशवी उघडली जाते, थोडा वेळ न्याहाळली जाते आणि बहुतेक वेळा तशीच पुन्हा आत जाते.

भरतकामाची आवड अशी अर्ध्यावर सुटते, त्याचे कारण कौशल्याचा अभाव हे क्वचितच असते. माल आधी भरला गेला आणि काय करायचे ते नंतर ठरवू असे मनाशी धरले गेले, हे खरे कारण. दुकानाच्या बाबतीत असा व्यवहार कोणताही व्यापारी करणार नाही. घरच्या छंदाच्या बाबतीत मात्र तो सर्रास होतो, कारण त्या व्यवहाराचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून भरतकाम आणि फितींचे काम नव्याने सुरू करणाऱ्यांनी सुई-दोऱ्याइतकेच महत्त्व एका लहान वहीला द्यावे. ती वही कशासाठी, ते पुढे येईलच.

जैन घरांना टाका आणि फीत यांपैकी काहीच परके नाही. मुनिराजांच्या आणि साध्वीजींच्या आसनामागे लावला जाणारा पुठिया आणि वर बांधला जाणारा चंदरवा यांवर जरीच्या टाक्यांत चौदा स्वप्ने किंवा अष्टमंगल भरलेले असते. तपाच्या उजवण्याच्या निमित्ताने अशी वस्त्रे भेट देण्याची परंपरा जुनी आहे. फितीचे म्हणावे तर राजस्थानातून आलेल्या कुटुंबांच्या पेट्यांत गोटापट्टीची ओढणी आजही सापडते. गोटा म्हणजे वस्तुतः धातूच्या चपट्या तारेने विणलेली फीतच होय. तिचे तुकडे दुमडून पाने आणि फुले करायची आणि ती कापडावर बारीक टाक्यांनी बसवायची, हे गोटापट्टीचे तंत्र. रुंद गोट्याला लप्पा म्हणतात, चुणीदार गोट्याला गोखरू म्हणतात. पूर्वी ही तार चांदीची, वर सोन्याचा मुलामा दिलेली असे. आता बहुतेक गोटा चकाकी चढवलेल्या पॉलिस्टरचा असतो. फितीचे भरतकाम युरोपातही बहरले. अठराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारी पोशाखांवर रेशमी फितींची फुले उमलली आणि आजचे रिबन वर्क त्याच परंपरेतून आले.

जुन्या चांदीच्या गोट्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ओढणी जीर्ण झाली की तिचा गोटा उसवून तोलला जाई आणि त्यातील चांदीचे पैसे घरात येत. चांदीला भाव होता, तिचे वजन होते, तिची नोंद होती. तो गोटा ज्या बोटांनी महिनोन्‌महिने बसवला, त्यांची नोंद मात्र कोठेच नव्हती.

आता प्रत्यक्ष आरंभाकडे वळावे. पहिल्या खरेदीची यादी लहान असावी. जाडसर सुती कापड, शक्यतो केसमेंट, अर्धा मीटर पुरे. सरावासाठी मांजरपाटही चालतो. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, अन्यथा पुढे ते आटते आणि भरलेले काम आक्रसते. पाच किंवा सहा इंचांची एक लाकडी रिंग घ्यावी आणि तिच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळावी, म्हणजे कापड घसरत नाही. सहा पदरी सुती दोऱ्याच्या चार लड्या घ्याव्यात: दोन हिरव्या छटा, एक तपकिरी आणि एक आवडीचा रंग. एका लडीत साधारण आठ मीटर दोरा असतो आणि काम बहुधा दोन किंवा तीन पदरांनी होते. त्यामुळे चार लड्या नवशिक्या हाताला बराच काळ पुरतात. दोरा काढताना हातभर लांबीचाच काढावा. लांब दोरा वेळ वाचवत नाही, तो गुंततो. पदर एकेक करून सोडवावेत आणि मग एकत्र ओवावेत.

सुयांच्या बाबतीत एक नियम पाठ असावा: क्रमांक जितका मोठा, सुई तितकी बारीक. दोन-तीन पदरी दोऱ्यासाठी सात किंवा आठ क्रमांकाची भरतकामाची सुई योग्य. फितीसाठी टोकदार पण मोठ्या नेढ्याची वेगळी सुई लागते. दुकानात ती शनील सुई या नावाने मागावी. पाव इंची फितीला अठरा किंवा वीस क्रमांक, त्याहून अरुंद फितीला बावीस किंवा चोवीस. जाड सुईने कापडात पडणारे छिद्र पुरेसे मोठे असते, म्हणून फीत त्यातून चुरगळल्याशिवाय जाते. फितीची सुरुवात पाव इंची सॅटिनच्या दोन रंगांनी करावी, प्रत्येकी तीन-चार मीटर. पूर्ण रीळ पहिल्याच दिवशी आणण्याचा मोह टाळावा. घरात लहान मुले असतील तर सुया मोजून काढाव्यात आणि काम संपले की मोजूनच डबीत ठेवाव्यात.

खरेदीच्या वेळी जैन घरांना आणखी एक विचार करावा लागतो. फितीच्या भरतकामाच्या पुस्तकांत रेशमी फितीची शिफारस हमखास असते. ती फीत मऊ असते, सुंदर वळते, यात वाद नाही. तथापि प्रचलित पद्धतीत रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. ज्या घरांत रेशीम वर्ज्य आहे, तेथे पॉलिस्टर किंवा व्हिस्कोसची फीत घ्यावी. काम तितकेच देखणे होते, फक्त पॉलिस्टर थोडे ताठ असल्याने हात सैल ठेवावा लागतो. बाजारात रेशीमदोरा या नावाने विकला जाणारा पुष्कळसा दोरा वस्तुतः रेयॉन किंवा पॉलिस्टरचा असतो आणि आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम. केवळ नावावरून घेऊ नये आणि केवळ नावावरून टाकूही नये. शंका आल्यास चिमटीएवढा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरे रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात. मणी काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावेत. शिंपले, हाड आणि शिंग यांची बटणे टाळावीत. चिकटवण्यासाठी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनणारा सरस नको, साधा पांढरा डिंक पुरे.

पहिले पंधरा दिवस केवळ दोऱ्याच्या टाक्यांना द्यावेत. धावदोरा, उलटी टीप, देठासाठी दांडी टाका, साखळी टाका आणि फुलाच्या मध्यासाठी गाठीचा टाका, एवढे पाच टाके हाताला बसले की असंख्य नक्षी त्यांतून निघतात. कापडाच्या एकाच तुकड्यावर पाच ओळी आखाव्यात आणि रोज प्रत्येक ओळीत थोडे काम करावे. पहिल्या दिवशीचा टाका उसवू नये. पंधराव्या दिवशीच्या टाक्याशेजारी तो दिसला पाहिजे, कारण प्रगतीचा तोच पुरावा. गाठीच्या टाक्यात बहुतेकांची एकच चूक होते: सुईभोवती वेढे घेतल्यावर दोरा हातातून सोडला जातो. सुई पूर्ण पलीकडे जाईपर्यंत तो डाव्या हाताने ताणून धरला की गाठ घट्ट आणि गोल बसते.

यानंतर फीत हाती घ्यावी. फितीचा तुकडा एक फुटाहून फार लांब नसावा, कारण कापडातून पुन्हा पुन्हा ओढली गेल्याने तिच्या कडा झिजतात. टोक तिरपे कापून नेढ्यात ओवावे आणि त्याच टोकाच्या मधोमध सुई टोचून फीत मागे ओढावी. फीत नेढ्यापाशी अडकून बसते आणि निसटत नाही. दुसऱ्या टोकाला मोठी गाठ मारू नये, समोरून ती उंचवट्यासारखी दिसते. मागच्या बाजूला दोन बोटे फीत मोकळी सोडून ती साध्या दोऱ्याने कापडाला टाचावी.

आरंभी फितीचे दोनच प्रकार शिकावेत. पहिला पाकळीचा टाका. फीत कापडातून वर काढावी, सपाट पसरावी आणि जेथे पाकळीचे टोक हवे तेथे फितीच्याच मध्यभागी सुई टोचून हळूहळू खाली ओढावी. फितीच्या दोन्ही कडा आत वळू लागल्या की हात थांबवावा. क्षणभर अधिक ओढले तर पाकळी नाहीशी होते. पाने आणि पाच पाकळ्यांची फुले या एका टाक्यावर होतात. दुसरा प्रकार गुलाबाचा. एक लहान वर्तुळ आखून त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत जाड दोऱ्याचे पाच सरळ टाके, चाकाच्या आऱ्यांसारखे घालावेत. आरे विषम संख्येतच असावेत, म्हणजे प्रत्येक फेरीत खालवर बदलत जाते. मग मध्याजवळून फीत वर काढून एका आऱ्यावरून आणि एका आऱ्याखालून विणत जावे. फितीला मधूनमधून पीळ पडू द्यावा, त्यानेच गुलाबाला खरेपणा येतो. आरे दिसेनासे झाले की फूल पुरे झाले. रुपयाच्या नाण्याएवढ्या गुलाबाला पाव इंची फीत साधारण अर्धा मीटर लागते.

पहिली वस्तू लहान, उपयोगी आणि पूर्ण होणारी असावी. नवकारवाळी ठेवण्याची पिशवी यासाठी उत्तम. सहा इंच रुंद आणि सात इंच लांब असे दोन तुकडे, तेवढेच अस्तर, वर दोरी ओवण्याची पट्टी. दर्शनी तुकड्यावर एक गुलाब, तीन पाने, दांडी टाक्याचा देठ आणि दोन-तीन गाठींच्या कळ्या. भरतकाम आधी, शिलाई नंतर, हा क्रम चुकवू नये. लाल आणि गडद हिरव्या फितीचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या कापडावर घासून आधीच पाहावे. इस्त्री नेहमी उलट बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून आणि मंद करावी, अन्यथा पाकळ्या दबतात आणि पॉलिस्टर वितळते. स्वस्तिक किंवा अष्टमंगलापैकी एखादे चिन्ह भरायचे असेल तर वस्तू कोणत्या उपयोगाची आहे याचा विचार करावा. पायपुसणे, आसन, उशी यांवर अशी चिन्हे नसावीत.

येथपर्यंत छंदाची गोष्ट झाली. परंतु व्यापारी कुटुंबात हातांनी केलेली चांगली वस्तू फार काळ घरात राहत नाही. कोणीतरी ती पाहते आणि प्रभावनेसाठी पन्नास करून देता का, असे विचारते. अशा वेळी काय घडते, ते एखाद्या तालुक्याच्या गावातील, कापडाचे दुकान असलेल्या घरात सहज घडू शकेल अशा प्रसंगावरून पाहावे.

धाकट्या सुनेला 51 पिशव्यांचे काम मिळाले. भाव ठरला नगाला 80 रुपये. दीड महिना तिने दुपारी आणि उशिरापर्यंत जागून काम केले आणि 4,080 रुपये आणून सासऱ्यांच्या हाती ठेवले. घरात कौतुक झाले. पतीने म्हटले, "घरबसल्या चार हजार रुपये आले, चांगलेच झाले."

सासऱ्यांनी दुकानाच्या सवयीने विचारले, "सूनबाई, माल किती लागला?"

तिने चिठ्ठ्या पाहून सांगितले. कापड, अस्तर, फीत, दोरा आणि दोरी मिळून नगाला 48 रुपये, म्हणजे एकंदर 2,448.

"मग 1,632 राहिले. आणि मजुरी?"

"मजुरी कसली, बाबा? मीच तर केले घरी."

"एका पिशवीला वेळ किती लागला?"

"अडीच तास. कधी थोडा अधिक."

सासऱ्यांनी मागच्या कागदावर आकडे मांडले. 51 पिशव्यांचे साडेसत्तावीस आणि शंभर तास. तासाला 12 रुपये 80 पैसे. ते काही वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. दुकानात कापडाचे तागे उचलणाऱ्या मुलालाही ते याहून अधिक देत होते.

दाराशी बसून डाळ निवडणाऱ्या सासूबाई तोवर गप्प होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "तिचे निदान तास तरी मोजले गेले. माझ्या चाळीस वर्षांच्या कामाची एक ओळ तुमच्या वहीत नाही."

त्यावर कोणी काही बोलले नाही. सासऱ्यांनी ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली आणि सुनेच्या हाती दिली.

त्या वहीत काय लिहावे, हे अवघड नाही. चार रकाने पुरतात: माल, वेळ, मजुरी आणि विक्री. मजुरीचा दर स्वतः ठरवावा, पण तो ठरवावाच. समजा, तासाला 50 रुपये धरले. मग अडीच तासांच्या पिशवीची मजुरी 125 रुपये, माल 48, पडतळ 173 रुपये. प्रभावनेसाठी पन्नास पिशव्या घेणारा गृहस्थ इतके देणार नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. तेव्हा काम वस्तूला नव्हे, भावाला जुळवून घ्यावे. एकच गुलाब, दोन पाने, अस्तर नाही, सर्व तुकडे एकदम कापलेले आणि सर्व शिलाई एका बैठकीत, असे केले तर पाऊण तासात पिशवी होऊ शकते. माल 38 रुपये, मजुरी 37 रुपये 50 पैसे, एकूण 75 रुपये 50 पैसे. आता 80 रुपयांच्या भावात मजुरी पूर्ण सुटते आणि वर साडेचार रुपये राहतात. अडीच तासांची पिशवी बंद करू नये. ती लग्नाच्या आहेरासाठी, मोजक्या संख्येत, तिच्या योग्य भावाला द्यावी. भाव परवडत नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. आणि एखादी पिशवी गुरुभक्तीने किंवा नातीसाठी विनामूल्य करायची असेल तर तीही वहीत लिहावी, भेट म्हणून. किती दिले हे ठाऊक असेल तरच ते दान. ठाऊक नसताना हातून गेलेल्या गोष्टीला व्यापारी तूट म्हणतात.

आरंभीच्या या टप्प्यावर कर्ज काढण्याचे कारण नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, हे खरे. परंतु किमान सहा महिन्यांची वही हाती असल्याखेरीज त्या वाटेस जाऊ नये. ती वहीच सांगेल की शिलाई यंत्र घेणे परवडेल की नाही, मदतीला आणखी कोणी घ्यावे की नाही. बचतीचे वेगळे खाते मात्र पहिल्या विक्रीपासून, काम करणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या नावाने असावे. घरखर्चात मिसळलेल्या पैशांतून पुढच्या मालाची सोय होत नाही आणि नफा झाला की तोटा, तेही कळत नाही.

हाताच्या कामाला मोल मिळाले की काय होते, याचे उदाहरण कच्छने दाखवले आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस तेथील दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धाणेटी गावी गेल्या. गावातील स्त्रियांना फुकटची मदत नको होती, काम हवे होते. त्यांच्या अंगावरील भरतकाम चंदाबेनच्या दृष्टीस पडले आणि त्याच कौशल्याला मजुरी देऊन 1969 मध्ये श्रुजन ही संस्था उभी राहिली. या कार्यासाठी 2006 मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्या स्त्रियांनी नवे काही शिकले नव्हते. आई-आजीकडून आलेले टाकेच त्या घालत होत्या. फरक इतकाच पडला की त्या टाक्यांच्या श्रमाची नोंद होऊ लागली आणि त्या नोंदीप्रमाणे पैसे त्यांच्या हातात पडू लागले.

दिवाळीला व्यापारी घरांत नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहिले जाते. यंदा ज्या घरात रिंग आणि फितीची पिशवी कपाटातून बाहेर निघाली असेल, तेथे दुकानाच्या वहीशेजारी ती चार रकान्यांची लहान वहीही मांडावी. तिच्यातील रकमा लहान असतील. पहिल्या वर्षी कदाचित शेवटच्या रकान्यात तूटही दिसेल. तरीही त्या वहीच्या मुखपृष्ठावर घरातील ज्या स्त्रीचे हात चालतात, तिचे नाव असावे, आणि ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहावे.